चष्मा काढूनही ओळखू येणारा

चष्म्याच्या त्या दुकानाला एक नाव होतं, पण ते पाटीवरच राहिलं. ज्यांना पाटी धड वाचता येत नसे तीच माणसं तिथे येत, तेव्हा नावाचा उपयोग तरी काय? 'चष्मेवालीकडे जाऊन येते' म्हटलं की गल्लीत सगळ्यांना कळायचं.

चष्मेवाली शेहेचाळीस वर्षांची, अंगाने बारीक, जिभेने फटकळ. पुढच्या खोलीत काउंटर आणि फ्रेमांची कपाटं, मधल्या लांबट खोलीत नंबर काढायची खुर्ची आणि समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता, आणि त्याच्या मागे राहतं घर. घरात ती आणि तिचे बाबा. आई जाऊन नऊ वर्षं झाली होती. लग्नाच्या भानगडीत चष्मेवाली पडली नव्हती, आणि कुणी फारच खोदून विचारलं तर 'नंबर जुळला नाही' म्हणून मोकळी व्हायची.

बाबा चित्रकार. नुसतं चित्रकार म्हटलं तर लोक 'अरेरे' असा चेहरा करत. पण 'पाठीराख्याचे चित्रकार' म्हटलं की त्याच लोकांचे डोळे मोठे व्हायचे. पाठीराखा हा त्यांनी काढलेला सुपरहीरो. एकतीस वर्षं दर आठवड्याला त्याचा रंगीत अंक निघायचा. तो उडायचा, घसरलेली गाडी खांद्याने थोपवायचा, पुरात अडकलेलं अख्खं घर उचलून कोरड्या जागी ठेवायचा. अठरा वर्षांपूर्वी अंक बंद पडला. मग बाबांच्या उजव्या हाताला कंप सुटला आणि गेली चार वर्षं त्यांनी पेन्सिल हातात धरली नव्हती. चहाचा कपसुद्धा दोन्ही हातांनी धरायचे.

एका सोमवारी सकाळी दुकानात दोघंजण आली. एक होते धाकटे मालक. ज्या प्रकाशकांनी पाठीराखा छापला त्यांचा हा नातू. पन्नाशी उलटली तरी आजोबांच्या काळापासून चिकटलेलं 'धाकटे' काही सुटलं नव्हतं. दुसरी होती पंचविशीतली एक डिझायनर, जाड काचांचा चष्मा लावलेली, काखेत भलामोठा चपटा पुठ्ठा धरून.

"काका, आनंदाची बातमी आहे," धाकटे मालक बाबांच्या पाया पडता पडता म्हणाले. "पाठीराख्यावर सिनेमा काढतोय. पण नव्या रूपात. आजोबांनी तुम्हाला लिहून दिलं होतं ना, की तुमच्या संमतीशिवाय त्याचं रूप बदलायचं नाही? तेव्हा तुमची सही हवी."

डिझायनरने पुठ्ठा उघडून चित्र काउंटरवर ठेवलं. राखाडी पोलादी चिलखत, सात फूट उंची, डोळ्यांच्या जागी निळे दिवे, पाठीवर धारदार पात्यांचे पंख. काम बघण्यासारखं होतं. चिलखताचा एकेक खिळा तिने जीव ओतून काढला होता.

"आम्ही बारा हजार लोकांना विचारलंय," धाकटे मालक म्हणाले. "सुपरहीरोत काय हवं? पहिलं उत्तर ताकद. दुसरं वेग. तिसरं पोशाख. हे तिन्ही त्यात आहे."

बाबा बराच वेळ चित्राकडे बघत राहिले. मग डिझायनरला म्हणाले, "हात सुरेख आहे हो तुझा. रेघ कुठे अडखळत नाही." ती लाजली. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "पण हा बसतो कसा?"

"बसतो?"

"खाली. उकिडवा."

धाकटे मालक हसले. "काका, बसायचे दिवस गेले! हा उडतो."

डिझायनर मात्र हसली नाही. ती आपल्याच चित्रातल्या गुडघ्यांकडे बघत होती. "चिलखत गुडघ्यात वळत नाही," ती हळूच म्हणाली.

"मग राहू दे," बाबा म्हणाले.

त्यांनी पेन घेतलं. सही ते तेव्हाच करून मोकळे झाले असते, पण पेनचं टोक कागदावर टिकेना. तीन ठिकाणी ठिपके पडले. धाकटे मालक सौजन्याने छताकडे बघायला लागले. चष्मेवालीने वडिलांच्या हातून पेन काढून घेतलं आणि कागदाची घडी घातली.

"शुक्रवारी या," ती म्हणाली. "त्यांची सही घाईत होत नाही."

दोघं गेली. चित्राची एक प्रत काउंटरवर राहिली.

आता खरं सांगायचं तर चष्मेवालीला पाठीराख्याचा काही पुळका नव्हता. उलट लहानपणापासून तिचा त्याच्यावर दात होता. ती त्याला मनातल्या मनात 'थोरला' म्हणायची. घरात थोरल्याचे लाड आधी, तिचे नंतर. अंक छापायला जायच्या दिवशी बाबांच्या खोलीचं दार बंद. तिला ताप असला तरी बंद. शाळेत तिला तिचं नाव नव्हतंच, 'पाठीराख्याची पोरगी' हेच नाव. सगळी मुलं अंक वाचायला टपलेली असायची आणि हिने हट्टाने एकही धड वाचला नव्हता.

पण त्या सोमवारी बाबा जेवले नाहीत. मंगळवारी सकाळी खिडकीपाशी बसून राहिले. तिने दोनदा हाक मारली तेव्हा म्हणाले, "त्यांचंच बरोबर असेल गं. अठरा वर्षांत लोक बदलले. बारा हजार माणसं खोटं कशाला बोलतील? आण तो कागद, करून टाकतो सही."

"शुक्रवार म्हटलंय ना मी? आज मंगळवार आहे."

"तू केव्हापासून त्याची वकिली करायला लागलीस?"

"वकिली नाही. मला दुकान उघडायचंय," ती म्हणाली आणि पुढे निघून आली.

दुकानात पहिलं गिऱ्हाईक आलं ते एक निवृत्त बस ड्रायव्हर, भरघोस मिशांचे, बोलण्याची हौस असलेले. तिने त्यांना खुर्चीत बसवलं, त्यांचा चष्मा काढून घेतला आणि जड गोल फ्रेम नाकावर चढवली. डाव्या डोळ्यावर काळं झाकण, उजव्यापुढे अजून भिंग घातलेलं नव्हतं. तेवढ्यात तिच्या डोक्यात काय आलं कुणास ठाऊक. तक्त्यावरच्या खालच्या दोन खिळ्यांना तिने ते पोलादी चित्र अडकवलं.

"काका, काय दिसतंय?"

ड्रायव्हरकाकांनी मान पुढे काढली. "अक्षरं कुठे गेली? हा... खांब आहे का? नाही नाही. फ्रिज."

तिला हसू आवरेना. आत जाऊन तिने बाबांच्या भिंतीवरची जुनी छापील तसबीर काचेसकट उचलून आणली आणि त्याच जागी टेकवली. पिवळा, तांबडा, काळा, एवढेच रंग. पाठीराखा जमिनीवर उकिडवा बसलेला. त्याचा झगा चारी बाजूंनी जमिनीवर पसरलेला. शेजारी एक छोटी आकृती. बाकी काही नाही.

"आणि आता?"

"अहो, हा पाठीराखा!" काका खुर्चीतून अर्धे उठलेच.

"चष्म्याशिवाय? तोंड तरी दिसतंय का त्याचं?"

"तोंड कशाला दिसायला हवं? बसलाय ना तो."

"तुम्ही अंक वाचायचात?"

"छे! मला वाचायला वेळ कुठला? पण बसमध्ये पोरं वाचायची, आरशात दिसायचं. शेवटच्या पानावर तो बसायचा. ज्याला वाचवलंय त्याच्याजवळ. त्याचं माणूस येईपर्यंत हलायचा नाही." काकांनी मिशीवरून हात फिरवला. "एकदा माझ्या बसमध्ये एका म्हातारीला घेरी आली. गाडी बाजूला घेतली, फोन केला. मग काय करावं सुचेना. पन्नास माणसं नुसती भोवती उभी. मी आपला तिच्यापाशी खाली बसलो. मनात आलं, पाठीराखा हेच करेल. एवढं एकच तर त्याचं आपल्याला जमण्यासारखं आहे! उडता थोडंच येतंय?"

चष्मेवालीने त्यांचा नंबर काढला, पण दोनदा भिंग चुकीचं घातलं.

मग तिला नादच लागला. मंगळवार, बुधवार आणि गुरुवार, जो कोणी खुर्चीत बसेल त्याचा चष्मा काढायचा, आधी पोलादी चित्र, मग जुनं. ज्यांची नजर चांगली होती त्यांच्यापुढे ती मुद्दाम जाड भिंग धरून त्यांना आंधळं करायची. उत्तरं नंबराच्या कार्डांच्या पाठीमागे लिहून ठेवायची. पोलादी चित्राला लोक कपाट म्हणाले, कात्री म्हणाले, एक जण तर 'एक्स-रे' म्हणाला. जुनं चित्र मात्र बहुतेक सगळे धडाधड ओळखत. सगळेच नव्हे. एका वकीलबाईंनी बराच विचार करून 'गोणी' असं उत्तर दिलं आणि त्यावर त्या ठाम राहिल्या.

मजा पुढेच होती. ती विचारायची, "याच्या अंगात शक्ती कुठल्या?" की गोंधळ सुरू. कुणी म्हणे, अदृश्य होतो. (तो कधीच अदृश्य झाला नव्हता.) कुणी म्हणे, पाण्याखाली राहतो. नळदुरुस्तीवाल्याने शपथेवर सांगितलं की तो दोन बोटांनी वीज काढतो. खलनायक तर एकालाही आठवेना. पण तो खाली बसतो, हे सगळ्यांना माहीत.

एक नर्स आली होती, रात्रपाळी संपवून, डोळे लाल झालेली. ती म्हणाली, "आमच्या वॉर्डात तर ते क्रियापदच झालंय. नवी मुलगी कामाला लागली की मोठ्या सिस्टर सांगतात, 'औषध दिलंस, आता दोन मिनिटं पाठीराखा हो.' म्हणजे खाटेच्या उंचीला ये. वरून बोलू नकोस. मला वाटायचं, हा आमच्या सिस्टरनीच काढलेला शब्द आहे!"

आणि गुरुवारी दुपारी एक सात वर्षांची मुलगी आली, आईचा हात धरून. ती जन्मली तेव्हा अंक बंद पडून अकरा वर्षं झाली होती. तिनेही ओळखला.

"तुला गं कसा ठाऊक?" चष्मेवालीने विचारलं.

"मी पडले की आई अशीच बसते," मुलगी म्हणाली. "मग म्हणते, मी पाठीराखा आहे, सांग कुठे लागलं."

आई ओशाळून हसली. "मी पण वाचलेला नाही हो. माझा काका करायचा असं."

त्या दिवशी दिवेलागणीला दुकान बंद करून चष्मेवाली आत आली. बाबा खिडकीपाशीच होते. तिने कार्डांचा गठ्ठा त्यांच्या मांडीवर ठेवला आणि समोर स्टूल ओढून बसली.

"एकेचाळीस माणसं. ओळखलं तेहतिसांनी. अंक वाचलेले त्यातले नऊ."

"कुणाला ओळखलं?"

"तुमच्या थोरल्याला."

मग तिने सगळं सांगितलं. फ्रिज सांगितला, कात्री सांगितली. बाबांच्या ओठांच्या कडा हलायला लागल्या. गोणीपाशी आली तेव्हा ते पोट धरून हसले. चार दिवसांत पहिल्यांदा.

"आणि खलनायक एकालाही आठवत नाही."

"एकालाही? तो तीन डोक्यांचा बेरकी?"

"नाव काढलं नाही कुणी."

"अगं, त्याच्यावर मी चार वर्षं घालवली! तिन्ही डोक्यांचे स्वभाव वेगळे ठेवले होते!" बाबा खरोखरच दुखावले होते. मग पुन्हा हसले. मग नर्सबद्दल ऐकताना पुढे झुकले. त्या मुलीचं ऐकताना त्यांनी कार्ड उचलून डोळ्यांजवळ नेलं, जणू तिचं बोलणं तिथे छापलेलं असावं.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही त्याला बसवलंत का?"

या प्रश्नाचं उत्तर आपल्याला माहीत आहे, असं तिला वाटत होतं. तीन दिवस ती ते मनात घोळवत होती. लहानपणी ती रडत घरी आली की बाबा असेच तिच्यापुढे उकिडवे बसायचे. गुडघे पोटाशी, हात गुडघ्यांवर, तोंड तिच्या तोंडासमोर. काही बोलायचे नाहीत, रडून होईस्तोवर थांबायचे. म्हणजे थोरल्याने ती गोष्ट तिच्याकडूनच नेली होती. एवढी वर्षं ती उगाच रुसून बसली होती. बाबांनी एवढं एकदा तोंडाने म्हणावं, की झालं.

"का म्हणजे? जागा नव्हती," बाबा म्हणाले.

"काय?"

"पहिलाच अंक. पान तयार करून दिलं, आणि मोठ्या मालकांनी छापायच्या आदल्या दिवशी खालचा पट्टा कापला. दात घासायच्या पावडरची जाहिरात आली होती. शेवटच्या चौकटीत हा उभा होता, ऐटीत, कमरेवर हात ठेवून. त्याचं डोकं चौकटीत राहीना. डोकं ठेवावं तर पाय जात होते. मग काय करतो? बसवला. झगा पसरला की पाय काढायचेही वाचतात. पाय मला कधीच धड जमले नाहीत."

चष्मेवाली बघतच राहिली. "दाताची पावडर?"

"पुढच्या आठवड्यात वाचकांची पत्रं आली, 'पाठीराखा खाली बसला ते फार आवडलं.' मालक म्हणाले, 'बसवा दर वेळी.' म्हणून बसवला."

ती उठली. आवरायला असं काही नव्हतं, तरी टेबलावरच्या वस्तू इकडच्या तिकडे करायला लागली. "मला वाटलं होतं..." ती पाठमोरीच म्हणाली. "मला वाटलं, माझ्यावरून सुचलं असेल. तुम्ही बसायचात ना माझ्यापुढे."

"तुझ्यावरून कसं सुचेल? तेव्हा तू कुठे होतीस? तो तुझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा."

"हो. खरंच की."

बाबांनी कार्डांचा गठ्ठा बाजूला ठेवला. मग म्हणाले, "उलटं आहे ते, ठमे."

ठमी हे तिचं घरातलं नाव. त्या नावाने हाक मारायला आता एकच माणूस उरलं होतं.

"तू अडीच वर्षांची होतीस. जिन्यावरून घसरलीस. फार लागलं नव्हतं, पण घाबरली होतीस. तुझी आई बाहेर गेलेली. मी धावत आलो आणि तुझ्यासमोर उभा राहिलो. 'रडू नको' म्हणालो. तू आणखी जोरात रडलीस. पुन्हा म्हणालो, आवाज चढवून. तू भिंतीला चिकटलीस. माझा आवाज माझ्या वडिलांसारखा निघाला होता, मलाच ऐकू आला. मला माझे वडील कायम उभेच आठवतात गं. त्यांचं तोंड खालून कसं दिसायचं ते मी आजही काढून दाखवीन... म्हणजे, दाखवलं असतं. तर मी तिथे उभा, आणि सुचेना काही. बाप कसं व्हायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आणि मग वाटलं, थांब, दर आठवड्याला आपण हेच तर काढतो. तो काय करतो? मी खाली बसलो. तू आधी माझ्या गुडघ्यावर एक बुक्की मारलीस. मग मांडीवर येऊन बसलीस."

चष्मेवाली पाठमोरीच उभी होती. तिने चष्मा काढला आणि ओढणीच्या टोकाने पुसायला घेतला. काच स्वच्छच होती.

"मी त्याला नाही शिकवलं," बाबा म्हणाले. "मी त्याच्याकडून शिकलो. मला तो फुकट मिळाला, त्या दाताच्या पावडरीमुळे."

शुक्रवारी धाकटे मालक आणि डिझायनर ठरल्या वेळी आली. चष्मेवालीने मालकांना काउंटरपाशी बसवलं आणि डिझायनरला म्हणाली, "तू आत ये. तुझ्या काचेवर एका बाजूला चरे पडलेत, नंबर बघू दे." ती बिचारी आत गेली. चष्मा निघाला. मालकही कुतूहलाने दारात येऊन उभे राहिले.

"काय दिसतंय?"

"काहीतरी उंच... राखाडी. बिल्डिंग?"

"नीट बघ."

"टोकं आहेत वरती. नाही सांगता येत."

"तुझंच चित्र आहे, बाई."

चष्मेवालीने जुनी तसबीर टेकवली, तशी तिने लगेच ओळखल्याची मान हलवली. मग चष्मेवालीने मालकांच्या हातात कार्डांचा गठ्ठा दिला. त्यांनी पाच-सहा कार्डं वाचली, भुवया वर केल्या, पण माणूस मुळात धंद्याचा.

"एकेचाळीस माणसं कुठे आणि बारा हजार कुठे!"

"तुम्ही बारा हजारांना विचारलंत, काय हवं," चष्मेवाली म्हणाली. "मी विचारलं, काय आठवतं. ज्यांनी कधी वाचला नाही त्यांनाही आठवतो तो. शेजारच्या गल्लीतल्या माणसासारखा."

"पण ताई, बसलेल्या माणसाचं पोस्टर कोण बघणार? हीरो म्हणजे कसा, ताठ हवा."

तेव्हा बाबा आतून आले. भिंतीला धरत आले, पण आले.

"हे बघा," ते म्हणाले, "मी काही अडून बसणारा माणूस नाही. कपडे बदला. रंग बदला. पंख द्या, दिवे द्या, त्याचं लग्न लावून द्या. झगा नको असेल तर झगा काढा, मला काही वाटणार नाही. त्याचे गुडघे तेवढे राहू द्या. ताकदवान माणसं लोकांनी खूप बघितली आहेत, चित्रात आणि बाहेरही. ती वरून बोलतात. हा एवढा ताकदवान, आणि तरी खाली येतो. म्हणून लोकांनी त्याला ठेवून घेतला. माझ्यामुळे नाही. मला तर नुसती जागा कमी पडली होती."

मालक काही म्हणणार होते, पण डिझायनर खुर्चीतून उठली होती. चष्मा तिच्या हातातच होता. "काका, एवढ्या वजनाचा माणूस बसला की भार कुठे येतो? टाचेवर की चवड्यावर? मला चिलखत तिथून उघडावं लागेल. काढून दाखवता?"

बाबांनी आपल्या हाताकडे पाहिलं. "काढता येत नाही मला आता," ते म्हणाले. "पण बसून दाखवतो."

"बाबा, नको!" चष्मेवाली ओरडेपर्यंत ते अर्धे खाली गेले होते. सत्त्याहत्तर वर्षांचे गुडघे दोनदा कडकडले. एक हात फरशीवर टेकून ते बसले. उकिडवे, पाठ जराशी वाकलेली, तोंड वर.

डिझायनर त्यांच्यासमोर तशीच बसली आणि मांडीवर वही उघडून झरझर काढायला लागली. "टाच उचलली जाते... हां. आणि हा खांदा पुढे येतो."

"खांदा नाही, मान," बाबा म्हणाले. "मान पुढे येते, कारण तो ऐकतोय. तुम्ही लोक कान काढता आणि मान विसरता. पूस ते. पुन्हा काढ."

त्यांच्या आवाजात अशी दटावणी चष्मेवालीने कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. ती वडिलांना आधार द्यायला म्हणून त्यांच्या शेजारी बसली. दारात धाकटे मालक एकटेच उभे राहिले. थोडा वेळ इकडे तिकडे बघून त्यांनीही पँट गुडघ्यापाशी वर ओढली आणि हळूच खाली टेकले.

"मोठं दिसतं हो सगळं इथून," ते म्हणाले.

बाबांना उठवायला मग तिघं लागली.

सही त्या दिवशी झालीच नाही. कागद बदलून आला तो दीड महिन्याने, आणि बाबांनी डाव्या हाताचा अंगठा उठवला. मधल्या काळात डिझायनर दर आठवड्याला येत राहिली. ती काढायची, बाबा चुका काढायचे. चिलखत आधी हलकं झालं, मग पातळ झालं, मग एके दिवशी गेलंच. सिनेमा लांबला, पुन्हा लांबला, आणि ठरलेल्यापेक्षा बराच लहान होऊन निघाला. काही लोकांना आवडला, काहींना नाही. वर्तमानपत्रातल्या एका समीक्षकाने लिहिलं की हीरो फार वेळ बसून राहतो.

पोस्टर मात्र डिझायनरने आपल्याला हवं तसं करून घेतलं होतं. नाव बारीक, खालच्या कोपऱ्यात. मध्ये तो बसलेला, माणसाच्या उंचीचा. त्याच्या शेजारची जागा तिने कोरी सोडली होती. मोठ्या बस थांब्याच्या भिंतीवर ते लागलं, तर आठवडाभरात लोक त्या कोऱ्या जागेत बसून फोटो काढायला लागले. ऑफिसला जाणारे, भाजीच्या पिशव्यांसकट बायका, गणवेशातला एक हवालदार.

एका रविवारी सकाळी चष्मेवाली बाबांना घेऊन तिथे गेली. रांग होती. बाबा काठी टेकून रांगेत उभे राहिले; पुढे जायला काही केल्या तयार होईनात. चष्मेवालीने काखेत घडीचं स्टूल धरलं होतं, कारण खाली बसण्याचा प्रयोग पुन्हा करायचा नाही, असं तिने घरून निघतानाच बजावलं होतं.

मागे उभी असलेली एक बाई कौतुकाने म्हणाली, "आजोबा, तुम्हालाही आवडायचा का हो पाठीराखा?"

बाबांनी मागे वळून बघितलं.

"थोडीफार ओळख आहे," ते म्हणाले.

चष्मेवालीने तोंड दुसरीकडे फिरवलं. रांग दोन पावलं पुढे सरकली, आणि तिने त्यांच्या कोपराखाली हात घातला.